आधी पैसे भरा, मग अपील करा: कामगार नुकसानभरपाईच्या अपिलाचा इतिहास



आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. कामावर अपघात झाला, नुकसानभरपाईचा दावा झाला, निकाल लागला आणि तो एका पक्षाला पटला नाही. मग पुढे काय? पुढे अपील. पण या "पुढे काय" मध्ये आपल्याकडच्या कामगार कायद्याची शंभर वर्षं आहेत, आणि त्या शंभर वर्षांतला खरा झगडा कायद्याच्या कलमांइतकाच वेळेचाही आहे. अपिलाला वेळ लागतो. मालकाला तो वेळ परवडतो. ज्याचा हात गेला किंवा ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्यांना तो परवडत नाही. कायदा करणाऱ्यांना हे सुरुवातीपासून कळत होतं. त्यांनी त्यावर काय काय उपाय केले आणि ते किती चालले, हे आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आपला कायदा तिथूनच आला. १८३७ सालचा एक खटला आहे. एका खाटकाकडे काम करणारा मुलगा मालाच्या गाडीवर बसून चालला होता. गाडीत माल जास्त भरला होता, ती मोडली आणि पोराची मांडी मोडली. ज्यूरीनं त्याला १०० पौंड दिले. मालकानं दाद मागितली, आणि वरच्या न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. म्हणजे बघा, कामगाराच्या भरपाईच्या इतिहासातलं पहिलं मोठं पानच खाली जिंकला आणि वर हरला असं आहे. या निकालातून पुढे "समान नोकरी"चं तत्त्व निघालं. तुझ्याबरोबर काम करणाऱ्याच्या चुकीनं तुला लागलं, तर मालक जबाबदार नाही. त्याला आणखी दोन तत्त्वं जोडली गेली. काम पत्करलंस म्हणजे धोकाही पत्करलास, हे एक. आणि तुझीही थोडी चूक असेल तर तुला काहीच मिळणार नाही, हे दुसरं. या तिन्हींतून सुटून मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणं गरीब माणसाला जवळजवळ अशक्यच होतं.

जर्मनीत बिस्मार्कनं १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा केला. इंग्लंडमध्ये १८९७ साली नवा कायदा आला आणि त्यानं प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे विचारायचं नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का, एवढंच विचारायचं. झाला असेल तर मालकानं ठरलेली रक्कम द्यायची. कामगाराला पूर्ण नुकसान भरून मिळणार नाही, पण जे मिळेल ते भांडण न करता, लवकर मिळेल. हा सौदा होता. "लवकर" हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या शब्दाची आहे.

आपल्याकडे १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता. वारसांना दिवाणी दावा लावता येत असे, पण चूक सिद्ध करावी लागे. मुंबईच्या गिरणीत पट्ट्यात सापडून मेलेल्या माणसाची बायको दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणार, हे कागदावरच शक्य होतं. पहिल्या महायुद्धानंतर वारं बदललं. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली. ना. म. जोशी, ज्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली होती, ते कामगारांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय कायदेमंडळात गेले. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला.

या कायद्याचं मूळ परिशिष्ट एकदा वाचण्यासारखं आहे. त्यात माणसाच्या शरीराचा दरपत्रकासारखा तक्ता आहे. उजवा हात कोपरापासून किंवा कोपराच्या वर गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के गेली. डावा हात तसाच गेला तर ६० टक्के. एक डोळा ३० टक्के. अंगठा २५. तर्जनी १०. बाकीचं कुठलंही बोट ५. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते.  १९८४ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात "जे जास्त असेल ते" असे शब्द आले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हे दावे कोण ऐकणार? दिवाणी न्यायालय नाही. त्यासाठी स्वतंत्र आयुक्त नेमायचा. कामगाराच्या वतीनं वकील उभा राहू शकतो, तसा नोंदणीकृत कामगार संघटनेचा अधिकृत माणूसही उभा राहू शकतो. वारसांना द्यायची रक्कम मालकानं परस्पर त्यांच्या हातावर ठेवायची नाही, आयुक्तांकडे जमा करायची. परस्पर दिली तर ती भरपाई म्हणून धरलीच जाणार नाही. कारण उघड आहे. दुःखात बुडालेल्या घरात पाचशे रुपये ठेवून अंगठा घेण्याची रीत सगळ्यांनाच माहीत होती. आणि कामगारानं "मी हक्क सोडला" असं लिहून दिलं, तरी तो करार रद्दबातल.

मग आयुक्तांचा निकाल पटला नाही तर? कलम ३० सांगतं की उच्च न्यायालयात जा. मुदत साठ दिवस. पण दार मुद्दाम अरुंद ठेवलं. निकालात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील. वस्तुस्थिती काय होती, साक्षीदार खरा की खोटा, हात किती टक्के निकामी झाला, हे पुन्हा वर उकरून काढायचं नाही. दावा फेटाळला गेला तर कामगारही याच कलमाखाली अपील करू शकतो, पण त्यालाही हीच अट.

दार अरुंद का ठेवलं, याचं उत्तर सरळ आहे. दार रुंद असतं तर प्रत्येक मालक प्रत्येक निकालावर अपील करत बसला असता, आणि "लवकर" हा शब्द कायद्यातून गळून पडला असता. पण अरुंद दारालाही एक फट राहिली होती. निकाल विरुद्ध गेला की मालक काहीतरी कायद्याचा प्रश्न शोधून अपील दाखल करू शकत होता, आणि अपील चालू आहे म्हणून पैसे देत नव्हता. विधवा बाई दोन वर्षं, तीन वर्षं थांबणार कशावर? मग ती तडजोडीला येते. पाचशेऐवजी दोनशे घेते आणि गावी निघून जाते. म्हणजे अपील जिंकण्याची गरजच नव्हती, दाखल केलं की काम झालं.

१९२९ मध्ये कामगारांच्या स्थितीच्या पाहणीसाठी शाही आयोग नेमला गेला. व्हिटली आयोग म्हणून तो ओळखला जातो. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ मध्ये अहवाल आला, आणि त्यानंतर १९३३ साली नुकसानभरपाई कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीत कलम ३० ला एक छोटं वाक्य जोडलं गेलं. मालकाला भरपाईच्या हुकमाविरुद्ध अपील करायचं असेल, तर हुकमातली रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचा दाखला अपिलाच्या अर्जासोबत जोडायचा. दाखला नाही, तर अपील नाही.

माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच आहे. मालकाचा अपिलाचा हक्क त्यानं काढून घेतला नाही. फक्त वेळ काढण्यातला फायदा काढून घेतला. पैसे खिशातून गेलेलेच आहेत, आता तुला खरंच वाटत असेल की निकाल चुकला, तर ये वर. कामगाराला मात्र अशी रक्कम भरण्याची अट नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, ३०-अ. अपील चालू असताना आयुक्त ती जमा रक्कम वाटण्याचं थांबवू शकतात, आणि उच्च न्यायालयानं सांगितलं तर थांबवलंच पाहिजे. म्हणजे पैसा मालकाच्या खिशातून निघाला, पण कामगाराच्या घरी पोचेलच असं नाही. मध्येच तिजोरीत बसू शकतो. म्हणून अपील झालं की कामगाराच्या बाजूनं पहिला अर्ज हा रक्कम, निदान तिचा काही भाग, उचलू द्यावा असा करायचा असतो. हे काम न सांगता होत नाही.

आता काही खटले पाहू. पहिला आपल्या कुर्ल्याचा. २० डिसेंबर १९५२. मध्य रेल्वेचा एक कर्मचारी कुर्ला स्टेशनावर कामाला होता आणि लगतच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होता. स्टेशनावर जायला त्याला रेल्वेच्या आवारातूनच वाट होती, दुसरी वाट नव्हती. मध्यरात्री काही मिनिटं बाकी असताना तो ड्यूटीवर जायला निघाला, आणि बाहेर पडताच कोणीतरी त्याला भोसकलं. कोणी, का, हे कळलं नाही. विधवेनं दावा केला. आयुक्तांनी तो फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की हे काम चालू असताना घडलं, पण कामामुळे घडलं नाही.

ती बाई उच्च न्यायालयात गेली. १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठानं तिच्या बाजूनं निकाल दिला. त्यातला विचार समजून घ्या. नोकरीमुळे माणसाला एका ठिकाणी, एका वेळी असावंच लागतं, आणि त्या ठिकाणी असल्यामुळे त्याच्यावर संकट येतं. एवढं दिसलं की कामाशी संबंध जुळला. हे संकट त्यानं स्वतः ओढवून घेतलं, किंवा ते त्याच्या खासगी वैरातून आलं, असं मालकाचं म्हणणं असेल तर ते मालकानं सिद्ध करावं. खुनी कोण होता आणि त्याच्या मनात काय होतं, हे विधवेनं सांगायचं नाही. अपघात आणि अपिलाचा निकाल यात अंतर किती? सुमारे दोन वर्षं. आणि हा प्रश्न खरोखर कायद्याचा होता, म्हणून अपील चाललं.

दुसरा खटला समुद्रावरचा, पण दावा मुंबईचाच. डिसेंबर १९६१. द्वारका नावाच्या जहाजावरचा एक खलाशी. छातीत दुखतं, झोप येत नाही अशा त्याच्या तक्रारी जहाजाच्या वैद्यकीय नोंदीत होत्या. १६ तारखेच्या पहाटे तो डेकवर दिसला, झोपायला जातो म्हणाला, आणि सकाळी जहाजावर नव्हता. रात्र वादळी नव्हती. तो कसा गेला हे कोणीच पाहिलं नाही. वडिलांनी दावा केला. आयुक्तांनी फेटाळला. वडील अपिलात गेले, मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कंपनीचे एजंट सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मृत्यू कामामुळेच झाला असा निष्कर्ष काढायला पुरेसा आधार नाही. वडील हरले. त्याला आठ वर्षं लागली.

हे दोन खटले शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे साक्षीदार नाही. एकीकडे रस्ता एकच होता, वेळ ठरलेली होती, हे पुराव्यात आलेलं होतं. दुसरीकडे माणूस नुसता नाहीसा झाला होता, आणि ते कसं, याचा पुरावा नव्हता. वरच्या न्यायालयात भाषणं कितीही चांगली झाली, तरी खाली नोंदलेल्या पुराव्यापलीकडे जाता येत नाही. आयुक्तांसमोर जे आलं नाही, ते वर उगवत नाही.

तिसरा खटला ओरिसातला. एक सुतार सिनेमागृहात नक्षीकाम करत होता. जुलै १९६८ मध्ये तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचं म्हणणं, परिशिष्टात बघा, एक हात गेला म्हणजे शंभर टक्के नुकसान नव्हे. आयुक्तांनी वेगळा प्रश्न विचारला. हा माणूस सुतार आहे. एका हातानं सुतारकाम होतं का? होत नाही. मग त्याची त्या कामातली क्षमता पूर्ण गेली. त्यांनी ९८०० रुपये भरपाई ठरवली, वर व्याज आणि दंड लावला. मालक उच्च न्यायालयात गेला, हरला. सर्वोच्च न्यायालयात गेला, डिसेंबर १९७५ मध्ये तिथेही हरला. चार न्यायमूर्तींच्या पीठानं आणखी एक गोष्ट सांगितली. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच सुरू होते, आयुक्तांच्या निकालाच्या दिवशी नाही.

हे महत्त्वाचं का? कारण १९५९ च्या दुरुस्तीनं कलम ४-अ आलं होतं. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर व्याज, आणि कारण नसताना उशीर केला तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. आधी व्याज सहा टक्के होतं, १९९५ नंतर बारा झालं. आता "देय" कधी झालं, यावर सगळं व्याज अवलंबून. अपघात झाल्यापासून मोजलं तर वेळ काढणाऱ्याला वेळेची किंमत पडते. निकालापासून मोजलं तर मधली वर्षं त्याला फुकट. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालानं निकालाच्या तारखेपासून मोजा असं म्हटलं, आणि काही वर्षं विमा कंपन्यांना तो आधार मिळाला. २०१२ मध्ये न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं की सुताराच्या खटल्यातल्या मोठ्या पीठाचं म्हणणंच खरं. एका सुताराचा निकाल सदतीस वर्षांनी शेकडो घरांच्या व्याजाचा हिशोब ठरवत होता.

इथे एक खुलासा करतो, कारण अनेकांचा गोंधळ होतो. ज्यांना कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू आहे, त्यांचा रस्ता हा नाही. १९४४ च्या अदारकर अहवालातून ती योजना आली आणि १९४८ मध्ये तिचा कायदा झाला. तिथे एकरकमी पैशांऐवजी दरमहा लाभ मिळतो. अपंगत्वाचं प्रमाण वैद्यकीय मंडळ ठरवतं, आणि त्यावरचं अपील वेगळ्या न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयाकडे जातं. त्या कायद्यात १९६६ च्या दुरुस्तीनं एक सोय आली. काम चालू असताना अपघात झाला असेल आणि उलट पुरावा नसेल, तर तो कामामुळेच झाला असं धरायचं. द्वारका जहाजावरच्या खलाशाच्या वडिलांजवळ अशी सोय नव्हती. आणि २०१० पासून कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध असेल तर, त्या कायद्यात धरला जातो.

आता शेवटचा खटला, आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. साखर कारखान्याचा पहारेकरी. पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. एप्रिल २००३ मध्ये तो मोटारसायकलवरून कामावर निघाला, आणि कारखाना साधारण पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये कुटुंबाला सव्वातीन लाखांच्या आसपास भरपाई दिली. विमा कंपनी अपिलात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल फिरवला, कारण माणूस अजून कामावर पोचला नव्हता. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल आला जुलै २०२५ मध्ये. न्यायालयानं म्हटलं की ईएसआय कायद्यातल्या २०१० च्या कलमानं जुनाच अर्थ स्पष्ट केला आहे, आणि भरपाईच्या कायद्यातल्या त्याच शब्दांचा अर्थही तसाच लावायला हवा. पहाटे तीनच्या पाळीसाठी रात्री रस्त्यावर निघालेला माणूस नोकरीमुळेच त्या रस्त्यावर होता. कुर्ल्याच्या निकालात छागलांनी जे म्हटलं होतं, त्याच्या जवळपास आपण पुन्हा येऊन पोचलो.

पण वर्षं मोजा. कुर्ला, दोन. सुतार, साडेसात. खलाशी, आठ. पहारेकरी, बावीस. बावीस वर्षांत लहान पोरं मोठी होऊन कामाला लागतात. भरपाईचा पैसा ज्या दिवसांसाठी होता, ते दिवस संपलेले असतात.

१९३३ च्या त्या वाक्यानं मालकाच्या अपिलातला खोटेपणा पुष्कळ कमी केला, यात शंका नाही. २०१७ मध्ये अपिलासाठी वादातल्या रकमेची किमान मर्यादा ३०० रुपयांवरून १०,००० झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा सगळा कायदा सामावला गेला, आणि आधी रक्कम भरा ही अट तिथेही ठेवली गेली. पण हा उपाय पहिल्या पायरीपुरता आहे. कुटुंब उच्च न्यायालयात हरलं आणि त्यालाच वर जावं लागलं, की वेळेचा सगळा बोजा पुन्हा त्याच्या डोक्यावर. त्याच्यासाठी असं कुठलंही वाक्य अजून लिहिलं गेलेलं नाही.

म्हणून या इतिहासातून घेण्यासारखी गोष्ट व्यवहाराची आहे. अपील वर होतं, पण ते खालीच जिंकावं लागतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सांगितलं की वस्तुस्थितीबाबत आयुक्त हाच शेवटचा अधिकारी. तेव्हा माणूस कुठल्या पाळीला होता, कोणत्या वाटेनं जात होता, जखमेआधी नेमकं कोणतं काम करत होता आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे आयुक्तांसमोर कागदावर आलं पाहिजे. डॉक्टरचा दाखला नुसता टक्के सांगणारा नको, कामाबद्दल बोलणारा हवा. मालकाला अपघाताची सूचना लेखी गेली पाहिजे. दाव्याची दोन वर्षांची मुदत आणि अपिलाचे साठ दिवस, दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा. आणि मालकानं अपील केलं असं कळलं, तर पहिला प्रश्न हा विचारा: पैसे भरल्याचा दाखला जोडलाय का?